पाषाणशिल्पाच्या कार्यशाळेत: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दगडात कोरायला नुकतीच सुरुवात केलेल्यांना जे प्रश्न पडतात, तेच बहुधा काही वर्षे काम केलेल्यांनाही पुन्हा पडतात; फरक इतकाच की तोवर काही चुका अंगवळणी पडलेल्या असतात. येथे धुळीचे प्रश्न आधी घेतले आहेत आणि हत्यारांचे नंतर. तुटलेला दगड सांधता येतो, बोथट टाकीला पुन्हा धार लावता येते. धुळीने निकामी झालेले फुप्फुस मात्र पूर्ववत करता येत नाही, म्हणून हा क्रम.

दगडाची धूळ खरोखरच इतकी घातक असते का?

होय. पण अंगावर आणि केसांवर पांढरी पसरलेली दिसते ती सर्वांत घातक धूळ नव्हे. ती बरीचशी नाकात अडकते किंवा खाली बसते. खरा अपाय करतात ते १० मायक्रॉनपेक्षा, आणि त्यातही विशेषतः ४ मायक्रॉनपेक्षा लहान असलेले कण. माणसाच्या केसाची जाडी ७० मायक्रॉनच्या आसपास धरली, तर हे कण किती सूक्ष्म असतात याची कल्पना येईल. ते सुटे सुटे डोळ्यांना दिसत नाहीत, तासन्‌तास हवेत तरंगत राहतात आणि श्वासाबरोबर फुप्फुसातल्या वायुकोशांपर्यंत पोहोचतात. त्यांत स्फटिकरूपी सिलिका असेल, तर तिला गिळू पाहणाऱ्या संरक्षक पेशीच मरतात, त्या जागी दाह होतो आणि ऊतींवर व्रण धरत जातात. अशा व्रणांनी फुप्फुस कडक होत जाण्याच्या रोगाला सिलिकोसिस म्हणतात. तो बरा करणारे औषध नाही, आणि काम सोडल्यावरही तो वाढत राहू शकतो. नेहमीच्या प्रकारात तो १० किंवा त्याहून अधिक वर्षांनी प्रकट होतो. धूळ फार दाट असेल तर काही महिन्यांतही गाठतो. सिलिकोसिस झालेल्यांना क्षयरोग होण्याचा धोका वाढतो, शिवाय आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने श्वासावाटे शरीरात जाणाऱ्या स्फटिकरूपी सिलिकेचा समावेश १९९७ मध्ये माणसात कर्करोग निर्माण करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात केला आहे.

मर्यादा किती, हेही समजून घेण्यासारखे आहे. अमेरिकेच्या कामगार सुरक्षा विभागाने २०१६ मध्ये केलेल्या नियमानुसार ८ तासांच्या पाळीत सरासरी दर घनमीटर हवेमागे ५० मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त श्वसनीय सिलिका असता कामा नये. ५ मीटर लांब, ४ मीटर रुंद आणि ३ मीटर उंच खोलीचा हिशेब केला, तर त्या संपूर्ण खोलीच्या हवेत मिळून अवघे ३ मिलिग्रॅम होतात. चिमटीत धरली तरी जाणवणार नाही इतकी ती भुकटी असते. बंद खोलीत ग्रॅनाइटवर कोरडा ग्राइंडर चालवला, तर ही मर्यादा काही मिनिटांत कितीतरी पटींनी ओलांडली जाते.

कोणत्या दगडाची धूळ अधिक धोक्याची?

वालुकाश्म हा मुळात गारेच्या (क्वार्ट्झच्या, म्हणजे स्फटिकरूपी सिलिकेच्या) कणांचाच बनलेला असल्यामुळे त्यात सिलिका सर्वांत जास्त असते. ग्रॅनाइटमध्ये गारेचे प्रमाण साधारणपणे पाव ते एक तृतीयांश असते. शुद्ध संगमरवर आणि चुनखडीचा दगड यांत ती अगदी कमी असते, तरी चुनखडीत चकमकीच्या गाठी आणि संगमरवरात गारेच्या शिरा निघू शकतात. बेसॉल्टमध्ये मोकळी गार सहसा थोडीच असते, पण त्याच्या पोकळ्यांमध्ये ती स्फटिकांच्या रूपाने भरलेली आढळते. म्हणून ‘हा दगड निर्धोक आहे’ असे गृहीत धरून मास्क उतरवणे मला मुळीच मान्य नाही. कोणत्याही दगडाची बारीक धूळ वर्षानुवर्षे ओढणे छातीला अपायकारकच असते.

दोन गोष्टींबाबत विशेष सावध राहावे. स्वयंपाकघराच्या ओट्यांसाठी राळेत गार मिसळून बनवलेल्या कृत्रिम फरशीत सिलिकेचे प्रमाण ९० टक्क्यांच्याही वर असू शकते; याच कारणाने ऑस्ट्रेलियाने १ जुलै २०२४ पासून अशा फरशीवर बंदी घातली. तिचे उरलेले तुकडे फुकट मिळतात म्हणून शिल्पासाठी घेऊ नयेत. दुसरी गोष्ट सोपस्टोन आणि सर्पेंटाइन यांची. हे मऊ दगड नवशिक्यांच्या हाती सर्वांत आधी दिले जातात, परंतु काही खाणींतल्या दगडांत अ‍ॅस्बेस्टॉसचे तंतू असतात. कोणत्या खाणीचा दगड आहे आणि त्याची तपासणी झाली आहे का, हे विक्रेत्याला विचारावे. समाधानकारक उत्तर मिळाले नाही तर तो दगड घेऊ नये.

मास्क कोणता वापरावा? नाकाला रुमाल बांधून चालत नाही का?

नाही. रुमालातून आणि साध्या कापडी मास्कमधून सूक्ष्म कण आरपार जातात, आणि नाकाला काहीतरी बांधले आहे या समाधानात माणूस अधिक वेळ धुळीत उभा राहतो. केवळ हातोडी-छिन्नीने, मोकळ्या हवेत संगमरवरावर काम करायचे असेल तर एन९५ दर्जाचा मास्क निदान किमान मानावा. यंत्र हातात घेतले की पी१०० दर्जाच्या फिल्टरचा, रबरी किंवा सिलिकॉनच्या कडेचा अर्धमुखी मास्क हवा. युरोपीय वर्गीकरणात एफएफपी३ किंवा पी३ हा त्याच्या जवळचा दर्जा आहे.

फिल्टर कितीही चांगला असला तरी कडेतून हवा आत शिरली तर त्याचा उपयोग नाही. दोन्ही फिल्टर तळहातांनी झाकून श्वास आत ओढावा. मास्क चेहऱ्याला चिकटून आत दबला आणि तसाच राहिला तर तो नीट बसला आहे. डोळ्यांकडे थंड झुळूक लागली तर पट्टे पुन्हा आवळावेत. दाढी असेल, नुसते दोन दिवसांचे खुंट असले तरीही, मास्कची कड चेहऱ्याला घट्ट बसत नाही. ज्यांना दाढी काढायची नसेल त्यांनी पंख्याने शुद्ध हवा पुरवणारे सैल शिरस्त्राण वापरावे. ते महाग असते, पण रोज यंत्रावर काम करणाऱ्यासाठी त्यावरचा खर्च ग्राइंडरवरच्या खर्चाइतकाच आवश्यक आहे.

पाणी सोडून काम केले तर मास्कची गरज उरत नाही ना?

पाण्यामुळे धूळ फार मोठ्या प्रमाणात दबते आणि शक्य तेथे ओले कामच करावे. तरीही फिरत्या पात्यावरून उडणाऱ्या तुषारांबरोबर काही सूक्ष्म कण हवेत जातातच, म्हणून मास्क ठेवावा. ओल्या कामात विजेचा धोका वाढतो. विद्युतप्रवाह गळताच तो तोडणारा, ३० मिलिअँपिअर क्षमतेचा सुरक्षा स्विच जोडणीत असल्याशिवाय पाण्याजवळ विजेचे यंत्र चालवू नये. ओल्या घासाईसाठी मुळातच पाण्यासह वापरण्यास बनवलेले किंवा हवेच्या दाबावर चालणारे यंत्र घ्यावे. साध्या ग्राइंडरवर बाटलीतून पाणी ओतत राहण्याची पद्धत अनेक ठिकाणी दिसते, ती जिवावर बेतू शकते.

कार्यशाळा झाडावी कशी?

कोरडी झाडू नये. दिवसभरात खाली बसलेली धूळ एका झाडूने पुन्हा श्वासाच्या उंचीवर येते, आणि त्या वेळी मास्क बहुधा खुंटीला लटकत असतो. जमीन पाणी मारून पुसावी किंवा सूक्ष्म कण अडवणाऱ्या हेपा फिल्टरच्या व्हॅक्यूमने स्वच्छ करावी. कॉम्प्रेसरच्या हवेने कपडे झटकण्याची सवय सर्वत्र आहे, ती सोडावी. त्या हवेने धूळ थेट नाकातोंडावर येते, आणि उघड्या त्वचेवर दाबाची हवा मारणे स्वतंत्रपणेही धोक्याचे आहे. कामाचे कपडे कार्यशाळेतच उतरवून वेगळे धुवावेत, म्हणजे घरातल्या लहानांच्या छातीत ती धूळ जाणार नाही. ओल्या कामाचा गाळ वाळला की त्याची पुन्हा धूळ होते, त्यामुळे तो ओला असतानाच उचलावा आणि मोरीत सोडू नये. तो नळीत सिमेंटसारखा बसतो.

शिकण्यासाठी पहिला दगड कोणता घ्यावा?

मऊ चुनखडीचा दगड मिळाला तर तोच घ्यावा. तो छिन्नीला प्रतिसाद देतो, पण इतका मऊ नसतो की प्रत्येक चुकीचा घाव खोल जावा. अलाबास्टर हा जिप्समचा प्रकार असून मोहच्या १ ते १० च्या काठिण्यमापनात त्याचा क्रमांक २ आहे. तो कानशीनेही घासला जातो आणि पातळ केला की त्यातून प्रकाश झिरपतो, मात्र घावाने सहज डागाळतो आणि लपलेल्या शिरांवर फुटतो. संगमरवराचे काठिण्य ३ च्या आसपास असते, पण त्याचे स्फटिक एकमेकांत घट्ट गुंतलेले असल्याने तो प्रत्यक्षात या आकड्यावरून वाटतो त्याहून चिवट असतो. ग्रॅनाइट ६ ते ७ वर येतो आणि त्याची कामाची रीतच वेगळी आहे. पहिला ठोकळा दोन्ही हातांनी सहज हलवता येईल इतकाच असावा.

दगडात तडा आहे की नाही हे आधी कसे ओळखावे?

दगड लाकडाच्या दोन पट्ट्यांवर, जमिनीपासून मोकळा ठेवावा आणि लहान हातोडीने जागोजागी हलकेच वाजवावा. एकसंध दगड खणखणीत वाजतो. आत तडा असेल तेथे आवाज बद्द येतो. जमिनीवर सपाट पडलेला चांगला दगडही बद्द वाजतो, त्यामुळे पट्ट्या महत्त्वाच्या. मग सर्व बाजू पाण्याने भिजवाव्यात आणि तो वाळताना जवळ बसून पाहावे. सारा पृष्ठभाग फिका होत जातो तेव्हा तड्यात शिरलेले पाणी मागे राहते आणि केसाएवढी काळसर रेघ काही मिनिटे तशीच दिसत राहते. ही रेघ पेन्सिलीने लगेच गिरवून ठेवावी, कारण ती वाळली की पुन्हा शोधता येत नाही. रेघ एका बाजूवरून कडेपलीकडे दुसऱ्या बाजूवर गेली असेल तर तडा आरपार आहे असे समजावे. रंगीत शीर म्हणजे तडाच असे नाही. अनेक शिरा निसर्गानेच घट्ट सांधलेल्या असतात आणि आसपासच्या दगडाइतक्याच मजबूत निघतात.

थर असलेला दगड उभा धरावा की आडवा?

गाळाच्या दगडात थर जमिनीला समांतर, म्हणजे खाणीत होते तसेच ठेवणे सर्वांत टिकाऊ. थर उभे आणि दर्शनी बाजूला समांतर राहिले, तर बाहेर ठेवलेल्या शिल्पाचे पापुद्रे सुटू लागतात. ग्रॅनाइटमध्ये थर दिसत नाहीत, पण त्यालाही सहज फुटण्याची एक दिशा असते आणि ती जाणकार पाथरवटाला हातोडीच्या दोन-चार ठोक्यांत कळते.

सुरुवातीला कोणती हत्यारे पुरतात?

टोकदार टाकी, दात्यांची छिन्नी, चपटी छिन्नी, साधारण ७०० ग्रॅम ते १ किलो वजनाची हातोडी, दोन कानशी, कर्कटक, गुण्या आणि ओळंबा इतक्यावर पहिली काही शिल्पे उत्तम होतात. टाकी जास्तीचा दगड काढते, दात्यांची छिन्नी टाकीच्या चऱ्या मोडून आकार घडवते आणि चपटी छिन्नी पृष्ठभाग सपाट करते. हा क्रम टाळून सरळ ग्राइंडरने आकार काढणाऱ्यांच्या कामात गोलाई एकसुरी येते, असे माझे मत आहे. यंत्र वाईट म्हणून नव्हे, तर फिरत्या पात्याला कोणत्याही दिशेने जाता येते आणि छिन्नीला दगडाचे ऐकावे लागते म्हणून. ग्रॅनाइट आणि बेसॉल्टसाठी साध्या पोलादाची हत्यारे फार लवकर बोथट होतात. तेथे टंगस्टन कार्बाइडच्या टोकाचीच घ्यावीत.

टाकी कोणत्या कोनात धरावी? संगमरवरावर पांढरे ठिपके का उमटतात?

हे दोन प्रश्न एकच आहेत. टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही हे खरे, परंतु पृष्ठभागाला काटकोनात बसलेला घाव संगमरवराला सोसत नाही. त्या घावाचा जोर कपचा उडवण्यात खर्च होत नाही. तो आत शिरतो आणि खालच्या स्फटिकांना चिरडतो. चिरडलेले स्फटिक प्रकाश वेगळ्या रीतीने परावर्तित करतात, म्हणून तेथे पांढुरका डाग दिसतो. खडबडीत दगडावर तो लक्षात येत नाही, पॉलिश चढू लागले की गालावर किंवा खांद्यावर अचानक उमटतो. मग तो काढण्यासाठी सारा पृष्ठभाग काही मिलिमीटर खाली न्यावा लागतो, आणि तोवर तेवढा दगड शिल्लक राहिलेला नसतो.

म्हणून टाकी साधारण ४५ ते ६० अंशांत धरावी, एकमेकांना समांतर चऱ्या पाडाव्यात आणि मग त्यांच्यामधले उंचवटे उडवावेत. अंतिम पृष्ठभाग जवळ आला की टाकी बाजूला ठेवावी आणि दात्यांची छिन्नी अधिक तिरपी धरून काम करावे. नजर हातोडी बसते त्या टोकावर ठेवू नये, छिन्नी दगडाला जेथे भिडते तेथे ठेवावी. हातोडीची जागा हाताला काही दिवसांत आपोआप कळते. छिन्नी मुठीत आवळल्यास झटका मनगटात जातो आणि कोपर दुखू लागते. ती घसरणार नाही इतक्याच जोराने धरावी. कडेजवळ काम करताना घावाची दिशा नेहमी कडेकडून आतल्या बाजूला असावी. बाहेरच्या दिशेने मारलेला एक घाव संपूर्ण कड घेऊन जातो.

ग्रॅनाइटला हा नियम लागू नाही. त्याचा दगड कापला जात नाही, चुरला जातो, त्यामुळे टाकी जवळजवळ उभी धरावी लागते आणि नंतर बुश हॅमरने (दातेरी तोंडाच्या हातोडीने) पृष्ठभाग बारीक ठोकत आणावा लागतो.

आधी मातीचा नमुना करावा, की सरळ दगडातच सुरुवात करावी?

दोन्ही परंपरा मोठ्या आहेत. इटालियन शिल्पकार कानोवाच्या कार्यशाळेत प्लास्टरच्या नमुन्यावर बिंदू निश्चित करून साहाय्यक ते संगमरवरात उतरवत असत आणि शेवटचा हात तो स्वतः फिरवत असे. उलट रोमेनियन शिल्पकार ब्रांकुशीने १९०७-०८ मध्ये ‘द किस’ सरळ दगडात कोरले आणि विसाव्या शतकातल्या अनेक शिल्पकारांनी ती वाट धरली. नवशिक्याने लहान नमुना करावा असे मी आग्रहाने सांगेन, कारण दगडात मागे फिरता येत नाही आणि नमुन्यामुळे निदान कोठे थांबायचे हे ठाऊक असते.

नमुन्यावरून माप उतरवण्याची सर्वांत सोपी पद्धत तीन कर्कटकांची आहे. नमुन्यावर आणि दगडावर एकमेकांशी जुळणारे तीन पक्के बिंदू ठरवायचे. नमुन्यावरच्या नाकाच्या शेंड्याचे या तिन्ही बिंदूंपासूनचे अंतर तीन कर्कटकांनी घ्यायचे, ते हव्या त्या पटीत वाढवायचे आणि दगडावर तिन्ही कंस जेथे मिळतील तेथे नाकाचा शेंडा. कंस हवेत मिळाले तर दगड कमी पडतो आहे. दगडाच्या पोटात मिळणार असतील तर तेथवर खोल जायचे आहे. ठरलेले तीन बिंदू काम पूर्ण होईपर्यंत तोडू नयेत.

कोठून सुरुवात करावी?

सर्वांत पुढे येणाऱ्या भागांपासून, आणि सर्व बाजूंनी मिळून. एकच डोळा पूर्ण करून मग दुसऱ्याकडे वळणारा हमखास फसतो. फ्लोरेन्सच्या अकादेमिया संग्रहालयातले मायकेलअँजेलोचे अपूर्ण ‘कैदी’ या बाबतीत जितके शिकवतात तितके पूर्ण झालेले शिल्प शिकवत नाही: दर्शनी बाजूने आत शिरत गेलेला हात, टाकीच्या खोल चऱ्या आणि त्यांवर दात्यांच्या छिन्नीच्या जाळीसारख्या रेषा तेथे उघड्या दिसतात. वेरूळचे कैलास मंदिर आठव्या शतकात बेसॉल्टच्या डोंगरात शिखरापासून खाली कोरत नेले, त्यामुळे कारागिरांना पायाखाली नेहमी न कोरलेला दगड मिळत गेला. लहान शिल्पातही हा विचार उपयोगी पडतो. हात टेकायला, दगड बसवायला आणि घाव झेलायला लागणारा भाग सर्वांत शेवटी काढावा.

नाक, कान, बोटे, ओठ यांवर ठरवल्यापेक्षा थोडा जास्त दगड ठेवावा. कमी करणे केव्हाही शक्य असते.

हात किंवा बोटे किती बारीक काढता येतात?

दगड दाब सहन करतो, ताण सहन करत नाही. संगमरवराची ताण पेलण्याची शक्ती दाब पेलण्याच्या शक्तीच्या साधारण दहाव्या भागाइतकी किंवा त्याहूनही कमी असते. ग्रीक काशाच्या मूर्तींच्या रोमन काळातल्या संगमरवरी प्रतिकृतींमध्ये पायाजवळ झाडाचे खोड दिसते ते यासाठीच: काशाच्या पायांना जे वजन पेलते ते दगडी घोट्यांना पेलत नाही. बाहेर आलेल्या बारीक भागाला काम चालू असताना धडाशी जोडणारा दगडाचा एक पूल राखून ठेवावा आणि तो शेवटी, ठोके न देता, बारीक करवतीने किंवा घासून काढावा.

ग्राइंडर वापरताना सर्वांत महत्त्वाची काळजी कोणती?

पात्यावरचे आच्छादन काढू नये. दर मिनिटाला ११,००० फेऱ्यांनी फिरणाऱ्या १२५ मिलिमीटरच्या पात्याची कड ताशी २५० किलोमीटरहून अधिक वेगाने जात असते. त्याचा तुकडा उडाला तर चष्मा आणि आच्छादन यांशिवाय मध्ये काहीही नसते. पात्यावर छापलेली वेगमर्यादा यंत्राच्या वेगापेक्षा जास्त आहे याची खात्री करावी. लाकूड कापण्याचे दातेरी पाते ग्राइंडरला कधीही लावू नये. पाते दगडात अडकले की यंत्र उलट उसळते, म्हणून ते दोन्ही हातांनी धरावे, बाजूचा दांडा काढून ठेवू नये आणि स्वतः पात्याच्या रेषेत उभे राहू नये. खोल खाच एकदम पाडण्याऐवजी उथळ, समांतर काप घ्यावेत आणि मधल्या पाकळ्या छिन्नीने उडवाव्यात. सैल बाह्या, गळ्यातल्या माळा, मोकळे केस आणि लोकरी हातमोजे या यंत्राजवळ नकोत.

हवेच्या हातोडीने बोटे बधिर होतात. ते आपोआप बरे होते का?

सुरुवातीला होते, पुढे होत नाही. सततच्या कंपनाने बोटांच्या लहान रक्तवाहिन्या आणि नसा बिघडतात. थंडीत बोटांची टोके पांढरी पडणे हे त्याचे ठळक लक्षण आहे. युरोपीय संघाच्या २००२ च्या निर्देशानुसार ८ तासांच्या सरासरीने कंपन २.५ मीटर प्रतिसेकंद वर्ग झाले की उपाय सुरू करणे बंधनकारक ठरते आणि ५ ही कमाल मर्यादा आहे. हातात यंत्र धरण्याचा वेळ कमी करणे, ते सैल धरणे, हात ऊबदार ठेवणे आणि छिन्नीची धार राखणे हे खरे उपाय आहेत. कंपनरोधक हातमोज्यांचा उपयोग मर्यादित असतो. मुंग्या कामानंतरही तासभर टिकू लागल्या की डॉक्टरांना दाखवावे.

कानांचेही तसेच. ८५ डेसिबलच्या वरचा आवाज ८ तास ऐकणे हानिकारक मानतात, आणि दर ३ डेसिबलमागे सुरक्षित वेळ निम्मा होतो. ग्राइंडरचा आवाज १०० डेसिबलच्या आसपास जातो, म्हणजे संरक्षणाशिवाय पाव तासही जास्त होतो.

छिन्नीला धार कशी लावावी?

साध्या पोलादाच्या छिन्नीला ग्राइंडिंगच्या चाकावर, वारंवार पाण्यात बुडवत, धार लावावी. कड निळी पडली तर तिचा कणखरपणा गेला असे समजून पुन्हा पाणी द्यावे, म्हणजे तापवून व थंड करून ती कठीण करावी लागते. कार्बाइडच्या छिन्नीचे याच्या उलट आहे. ती तापलेली असताना पाण्यात बुडवली तर तिला बारीक तडे जातात, म्हणून ती हवेतच निवू द्यावी आणि हिऱ्याच्या किंवा हिरव्या सिलिकॉन कार्बाइडच्या चाकावर घासावी. कार्बाइडच्या धुळीत कोबाल्ट असते, तेव्हा मास्क लावूनच हे काम करावे. हातोडीच्या माराने छिन्नीचे डोके कडेने फुलून आले असेल तर ते वेळीच घासून काढावे; त्याची किरच डोळ्यात जाऊ शकते.

जड दगड एकट्याने हलवता येतो का?

हलवू नये. संगमरवराची घनता पाण्याच्या सुमारे २.७ पट आहे. ३० सेंटिमीटर बाजूचा, दिसायला लहानसा घन ७३ किलोचा भरतो, आणि अर्धा मीटर रुंद, अर्धा मीटर जाड व १ मीटर उंच ठोकळा पावणेसातशे किलोंच्या घरात जातो. पहार, पाचर, लोखंडी नळ्यांचे रोलर आणि वजनाला पुरेसा चेन ब्लॉक ही साधने हवीत. दगड उचलला की लगेच त्याखाली लाकडी ठोकळे सरकवत जावे, म्हणजे पहार निसटली तरी तो बोटभरच खाली येतो. बोटे दगडाखाली कधीच घालू नयेत. घसरणारा दगड सावरण्याचा प्रयत्न करू नये, मागे सरावे. दगड फुटला तर फुटू द्यावा.

शिल्प तुटले तर जोडता येते का?

येते. तुटलेले पृष्ठभाग घासू नयेत. ते जसेच्या तसे जुळतात यातच जोडाची ताकद असते. ते स्वच्छ आणि पूर्ण कोरडे करून इपॉक्सीने जोडावेत. पॉलिएस्टरची लांबी (पुट्टी) लवकर घट्ट होते, पण कालांतराने पिवळी पडते आणि बाहेरच्या हवेत सुटते. भार घेणाऱ्या जागी ती वापरू नये. भार असेल तेथे दोन्ही बाजूंना भोके पाडून दांडी बसवावी, आणि ती स्टेनलेस स्टीलचीच असावी. साधे लोखंड गंजले की फुगते आणि दगड आतून फोडते. अथेन्सच्या अ‍ॅक्रोपोलिसवर विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातल्या दुरुस्तीत बसवलेल्या लोखंडी पट्ट्यांनी प्राचीन संगमरवर असाच फोडला. सध्याच्या जीर्णोद्धारात त्यांच्या जागी टायटॅनियम वापरले जाते. प्राचीन ग्रीक कारागीर लोखंडी पट्ट्यांभोवती शिसे ओतत, म्हणून त्या कितीतरी अधिक टिकल्या.

पॉलिश चांगले का येत नाही?

बहुधा घासकागदाचा (सँडपेपरचा) एखादा क्रमांक गाळलेला असतो. ८०, १२०, २२०, ४००, ६००, ८०० असे चढत जावे, पाण्याने घासावे, आणि प्रत्येक टप्प्यावर घासण्याची दिशा बदलावी, म्हणजे आधीच्या ओरखड्यांचे उरलेले अंश आडवे दिसतात. पुढच्या कागदाला हात घालण्यापूर्वी पृष्ठभाग धुऊन पूर्ण वाळू द्यावा. ओला दगड सगळे दोष लपवतो. मग खोलीतला वरचा दिवा बंद करून एकच दिवा बाजूने, पृष्ठभागाला जवळजवळ समांतर धरावा. त्या प्रकाशात १२० च्या कागदाचा राहिलेला एक ओरखडाही सावलीसह उठून दिसतो, आणि तो असेल तर १२० वरच परत जावे लागते. बादलीतले पाणीही प्रत्येक टप्प्याला बदलावे, कारण जाड कागदाचा एक कण नव्या कागदाखाली आला की ओरखडा पुन्हा तयार.

संगमरवराला शेवटी टिन ऑक्साइडच्या भुकटीने ओल्या नमद्यावर चकाकी देतात. ऑक्झॅलिक आम्लही वापरतात. ते विषारी असल्यामुळे हातमोजे आणि चष्मा अनिवार्य. वालुकाश्माला चकाकी येतच नाही. प्रत्येक शिल्प चकचकीत करावे असेही नाही. छिन्नीच्या खुणा राखलेला पृष्ठभाग आकाराला अनेकदा अधिक शोभतो.

शिल्प उघड्यावर ठेवता येईल का?

ग्रॅनाइट आणि बेसॉल्ट निश्चिंतपणे ठेवता येतात. अलाबास्टर कधीही ठेवू नये, कारण जिप्सम पाण्यात हळूहळू विरघळते. संगमरवर ठेवता येतो, पण आम्लयुक्त पावसाने त्याची चकाकी काही वर्षांत जाते आणि पुढे पृष्ठभाग साखरेसारखा रवाळ होऊन झडू लागतो. कोरताना खोलगट जागी पाणी साचणार नाही असे उतार दिले तर ही झीज बरीच लांबते. पॉलिशसाठी घरगुती आम्लयुक्त सफाईद्रव संगमरवरावर किंवा चुनखडीवर ओतू नयेत. चौथरा आणि शिल्प यांच्यामध्ये शिशाचा पातळ पत्रा किंवा ओल वर चढू न देणारा दुसरा थर द्यावा, कारण जमिनीतली ओल क्षार घेऊन वर चढते आणि ते क्षार वाळताना तळाचा दगड भुगा करत आणतात.